देवमाशांच्या शिकारीची जुनी दप्तरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अठराव्या-एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरून हजारो जहाजं देवमाशांच्या शिकारीला निघाली. त्यांची लॉगबुकं, हिशेबवह्या आणि खलाशांच्या याद्या आज ग्रंथालयांत आणि अभिलेखागारांत आहेत, आणि त्यातला मोठा भाग घरबसल्या वाचता येतो. सागरी जीवशास्त्र, हवामान, इतिहास किंवा वंशावळ अशा कोणत्याही कामासाठी या नोंदींकडे वळणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भर अमेरिकन नोंदींवर आहे, कारण सर्वांत जास्त त्याच टिकल्या आहेत.

या नोंदींमध्ये नेमकं काय काय येतं?

मुख्य कागद म्हणजे जहाजाचं लॉगबुक. ते बहुधा पहिला मेट, म्हणजे कप्तानाच्या हाताखालचा मुख्य अधिकारी, लिहीत असे. वारा, दिशा, शिडं, अक्षांश-रेखांश, दिसलेले देवमासे, मारलेले देवमासे, भेटलेली जहाजं हे सगळं त्यात रोजच्या रोज येतं. त्याशिवाय कप्तान, त्याची बायको, सुतार किंवा साधा खलाशी यांनी लिहिलेल्या खासगी रोजनिश्या असतात. किनाऱ्यावरचे कागद वेगळे. मालकांच्या हिशेबवह्या, खलाशांशी केलेले करार, कस्टम्सकडे दिलेल्या खलाशांच्या याद्या, विम्याचे कागद आणि व्यापारी वृत्तपत्रं हे सगळं त्यात मोडतं. न्यू बेडफर्डहून १८४३ ते १९१४ या काळात खास या धंद्याचं साप्ताहिक निघत असे. कोणतं जहाज कुठे दिसलं, किती तेल घेऊन दिसलं, याच्या बातम्या त्यात छापल्या जात. लॉगबुक हरवलेल्या सफरीचा माग अनेकदा याच साप्ताहिकातून लागतो.

लॉगबुक आणि खासगी रोजनिशी यातला फरक कसा ओळखायचा?

कॅटलॉगमध्ये दोन्हींना सर्रास लॉगबुकच म्हटलेलं असतं, त्यामुळे पान उघडल्याशिवाय खात्री होत नाही. लॉगबुकात एकही दिवस सुटत नाही. समुद्रात काहीच घडलं नाही तरी वारा आणि शिडं लिहिलेली असतात. भाषा ठरावीक असते आणि नोंद ‘सो एंड्स’ (‘असा दिवस संपतो’) या शब्दांनी संपते. रोजनिशीत दिवस गळतात, पण जेवण, भांडणं, आजार, पळून गेलेले खलाशी हे तिच्यातच सापडतं. शिकारीची गणना करायची असेल तर लॉगबुक घ्या, जहाजावरचं जगणं समजून घ्यायचं असेल तर रोजनिशी. एकाच सफरीची दोन्ही मिळाली तर दोन्ही वाचा. मेटने ‘देवमासा सुटला’ इतकंच लिहिलेल्या दिवशी होडी फुटली होती, हे रोजनिशीतून कळतं.

हे कागद आज कुठे आहेत?

सर्वांत मोठा संग्रह मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्ड व्हेलिंग म्युझियमकडे आहे. शॅरन गावातल्या केंडल व्हेलिंग म्युझियमचा संग्रह २००१ साली त्यातच विलीन झाला, म्हणून जुन्या पुस्तकांत ‘केंडल’ असा पत्ता दिसला तर आता न्यू बेडफर्डकडे विचारणा करायची. न्यू बेडफर्डमधलंच सार्वजनिक ग्रंथालय ही वेगळी संस्था आहे आणि तिच्याकडेही लॉगबुकं आणि खलाशांच्या याद्या आहेत. या दोघांत गल्लत करून चुकीच्या ठिकाणी पत्र पाठवणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

प्रॉव्हिडन्स पब्लिक लायब्ररीतला निकलसन संग्रह, मिस्टिक सीपोर्ट म्युझियमचं ग्रंथालय, नॅनटकेट हिस्टॉरिकल असोसिएशन, मार्थाज व्हिनयार्ड म्युझियम आणि पीबॉडी एसेक्स म्युझियमचं फिलिप्स ग्रंथालय ही बाकीची महत्त्वाची ठिकाणं. सार्वजनिक संग्रहांतल्या ५,००० हून अधिक लॉगबुकांची आणि रोजनिश्यांची एक छापील सूची १९८६ साली निघाली. ती जुनी झाली असली तरी अजून उपयोगी पडते.

पॅसिफिकमधल्या सफरींसाठी कॅनबेरातल्या पॅसिफिक मॅन्युस्क्रिप्ट्स ब्यूरोने १९७० च्या दशकात न्यू इंग्लंडमधली लॉगबुकं मोठ्या प्रमाणावर मायक्रोफिल्म केली. मूळ वही अमेरिकेत असली तरी फिल्म ऑस्ट्रेलियातल्या ग्रंथालयात मिळते.

दुसऱ्या देशांच्या नोंदींचं काय?

ब्रिटिशांची लॉगबुकं तुलनेने फार थोडी उरली. उत्तरेकडच्या शिकारीसाठी इंग्लंडमधल्या हल आणि व्हिटबी इथली संग्रहालयं पाहावीत. व्हिटबीला स्कोर्सबी या शिकारी कप्तान पितापुत्रांची लॉगबुकं आहेत. दक्षिणेकडच्या ब्रिटिश सफरींची माहिती वृत्तपत्रं आणि बंदरांच्या नोंदींवरून जुळवून एक स्वतंत्र डेटाबेस तयार झाला आहे. सोळाव्या शतकातल्या बास्क शिकारीचा इतिहास तर लॉगबुकांतून नव्हे, नोटरीच्या कागदांतून बाहेर आला. इतिहासाच्या अभ्यासक सेल्मा बारखम यांनी १९७० च्या दशकात स्पेनमधल्या बास्क अभिलेखागारांतले करार, मृत्युपत्रं आणि विम्याचे दावे वाचून कॅनडाच्या लॅब्राडोर किनाऱ्यावरच्या रेड बे इथल्या तळाचा ठावठिकाणा लावला. पुढे तिथेच पाण्याखाली जहाजं सापडली. पुण्याच्या पुराभिलेखागारातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून बसणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल : शिकारीचा शोध शिकारीच्याच कागदांत घ्यायला हवा असं नाही.

महाराष्ट्रात बसून सुरुवात कुठून करावी?

व्हेलिंग हिस्टरी डॉट ओआरजी या संकेतस्थळापासून. मिस्टिक सीपोर्ट आणि न्यू बेडफर्ड ही दोन संग्रहालयं मिळून ते चालवतात आणि ते फुकट आहे. त्यात १५,००० हून अधिक अमेरिकन सफरींचा डेटाबेस आहे. प्रत्येक सफरीपुढे जहाज, कप्तान, बंदर, निघाल्याची आणि परतल्याची तारीख, आणलेलं तेल आणि लॉगबुक कुठे आहे हे दिलेलं असतं. आधी जहाजाचं नाव टाका. मग यादीतून आपली सफर नेमकी ओळखा आणि तिचा सफर-क्रमांक टिपून ठेवा. हा क्रमांक ए आणि व्ही या अक्षरांनी सुरू होतो, आणि पुढचं सगळं काम त्याच्यावरच बांधायचं. लॉगबुकाचा पत्ता दिसला की ते स्कॅन झालं आहे का ते पाहा. हजारो वह्या इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. नसेल तर संबंधित ग्रंथालयाला वहीचा क्रमांक आणि हव्या असलेल्या तारखा कळवा. ‘अमुक जहाजाचं सगळं पाठवा’ अशी मागणी केली तर उत्तर यायला वेळ लागतो. ‘वही क्रमांक अमुक, मार्च ते मे १८४२’ असं लिहिलं तर काम लवकर होतं.

एकाच नावाची अनेक जहाजं सापडतात. माझं कोणतं?

‘कोलंबस’, ‘वॉशिंग्टन’, ‘मेरी’ अशी नावं वेगवेगळ्या बंदरांतल्या जहाजांना होती. नुसत्या नावावर कधीच विसंबू नका. बंदर, जहाजाचा प्रकार, टनभार आणि कप्तान या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. प्रकार म्हणजे तीन डोलकाठ्यांचं शिप, बार्क, ब्रिग की स्कूनर. इथेही सावध राहावं लागतं. एखादं शिप मधल्या काळात दुरुस्तीला गेलं आणि बार्क होऊन बाहेर पडलं, असं पुष्कळदा झालं आहे. टनभार मोजण्याची अमेरिकन पद्धत १८६० च्या दशकात बदलली, त्यामुळे एकाच जहाजाचा आकडा आधी आणि नंतर वेगळा दिसतो. जहाज मात्र तेच असतं.

कप्तान सफरीच्या मध्यावर बदलू शकतो. मेला, आजारी पडला किंवा बंदरात उतरला की मेट कप्तान होतो आणि लॉगबुकातलं हस्ताक्षरही त्याच दिवशी बदलतं.

पान वाचायचं कसं?

डाव्या समासात तारीख किंवा वार. शेजारी नोंद तीन भागांत : ‘फर्स्ट पार्ट’, ‘मिडल पार्ट’ आणि ‘लॅटर पार्ट’, प्रत्येकी आठ तास. नोंदीच्या शेवटी दुपारचा अक्षांश आणि रेखांश. समासात किंवा ओळींच्या मध्ये देवमाशाचे शिक्के. एवढा सांगाडा डोक्यात बसला की वाईट अक्षरही वाचता येतं, कारण कोणत्या जागी कोणती माहिती येणार हे आधीच माहीत असतं.

स्पेलिंग उच्चाराप्रमाणे असतं, म्हणून शब्द अडला तर मोठ्याने म्हणून पाहा. ‘डो’ असं दिसलं तर ‘वरीलप्रमाणे’. ‘स्पोक’ म्हणजे दुसऱ्या जहाजाशी बोलणं झालं. ‘गॅम’ म्हणजे दोन जहाजं थांबून माणसांची ये-जा झाली. ‘लोअर्ड’ म्हणजे होड्या उतरवल्या. ‘स्ट्रक’ म्हणजे हार्पून (दोर बांधलेला भाला) लागला, पण देवमासा मिळालाच असं नव्हे. ‘कट इन’ म्हणजे जहाजाच्या बाजूला बांधून चरबी सोलली. ‘बॉइलिंग’ म्हणजे डेकवरच्या विटांच्या भट्टीत ती कढवली. ‘स्टोड डाउन’ म्हणजे थंड झालेलं तेल पिंपांत भरून तळघरात रचलं. हे शब्द ज्या क्रमाने यायला हवेत त्या क्रमाने येतात का ते पाहत जा. ‘कट इन’ आहे पण आधी ‘स्ट्रक’ नाही, असं दिसलं तर आधीचं पान गळालेलं असू शकतं.

तारीख एका दिवसाने चुकते असं का म्हणतात?

कारण समुद्रावरचा दिवस मध्यरात्रीला नव्हे, दुपारी बारा वाजता सुरू होत असे, आणि तोही जमिनीवरच्या तारखेच्या बारा तास आधी. उदाहरणार्थ, लॉगबुकात ‘सोमवार १२’ या नोंदीतल्या ‘फर्स्ट पार्ट’मध्ये देवमासा मारल्याचं लिहिलं असेल, तर जमिनीवरच्या हिशेबाने ती रविवार ११ ची दुपार किंवा संध्याकाळ होते. त्याच नोंदीतला ‘लॅटर पार्ट’ मात्र सोमवार १२ च्या पहाटेपासून दुपारपर्यंतचा असतो. म्हणजे एका नोंदीत संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर येते.

ब्रिटिश नौदलाने ही पद्धत १८०५ साली आणि अमेरिकन नौदलाने १८४८ साली सोडली, पण शिकारी जहाजांवर ती बरीच रेंगाळली. कोणत्या वहीत कोणती पद्धत आहे हे वहीगणिक ठरवावं लागतं. दुपारचा अक्षांश नोंदीच्या अगदी शेवटी येत असेल तर दुपार ते दुपार असा दिवस धरावा. बंदरात नांगर टाकल्यावर अनेक जण जमिनीवरच्या दिवसाकडे वळत आणि निघाल्यावर परत जुन्या पद्धतीकडे. अशा वेळी मध्येच एक नोंद बारा किंवा छत्तीस तासांची दिसते आणि तसं तिथे लिहिलेलंही असतं. ती ओळ सोडू नका.

पॅसिफिकमध्ये १८० अंश रेखांश ओलांडताना तारीख बदलण्याचा रिवाजही सगळ्यांनी सारखा पाळला नाही. वार आणि तारीख यांची जोडी तपासत राहिलं की घोटाळा लगेच उघडा पडतो.

समासातल्या शिक्क्यांचा अर्थ काय?

लाकडावर किंवा देवमाशाच्या दातावर-हाडावर कोरलेले हे छोटे ठसे शाईत बुडवून उमटवत. पूर्ण देवमासा म्हणजे शिकार मिळाली. त्याच्या अंगावर पांढरी चौकट सोडलेली असते आणि तिच्यात किती बॅरल तेल निघालं ते लिहितात. नुसती शेपटी उमटवली असेल तर सहसा देवमासा सुटला किंवा बुडाला. अर्धा देवमासा म्हणजे दुसऱ्या जहाजाबरोबर वाटून घेतलेली शिकार. चौकोनी डोक्याचा ठसा स्पर्म व्हेलचा, कमानदार तोंडाचा आणि पाठीवर पर नसलेला ठसा राइट व्हेलचा किंवा बोहेडचा. जहाजाचा छोटा ठसा म्हणजे समुद्रात भेटलेलं जहाज.

हे नियम कुठे लिहून ठेवलेले नव्हते. प्रत्येक लिहिणाऱ्याची स्वतःची रीत असे. म्हणून सुरुवातीच्या दहा-बारा शिक्क्यांशेजारचा मजकूर नीट वाचून त्या वहीपुरता अर्थ ठरवा, मग पुढे जा. नुसते शिक्के मोजून संख्या काढली तर ती चुकते, कारण शिक्का मारायचा राहून जातो आणि मजकूर मात्र असतो.

बॅरल म्हणजे किती तेल?

हिशेबातलं एक बॅरल म्हणजे ३१.५ अमेरिकन गॅलन, सुमारे ११९ लिटर. एका देवमाशाचं ४० बॅरल तेल म्हणजे १,२६० गॅलन, साधारण ४,७७० लिटर. प्रत्यक्षातली पिंपं मात्र लहान-मोठी असत, म्हणून ‘दहा पिंपं भरली’ आणि ‘दहा बॅरल तेल’ हे एक नाही. बलीन म्हणजे देवमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या. त्या पौंडांत मोजत आणि कागदोपत्री त्यांना ‘बोन’ म्हणत. तो रकाना हाडांचा समजू नका.

शिक्क्याच्या चौकटीतला आकडा शिकारीच्या दिवशी लिहिलेला नसतो. चरबी कढून, तेल थंड होऊन भरायला काही दिवस जात, मग मागे जाऊन तो भरत. एकापाठोपाठ तीन देवमासे मिळाले तर तेल एकत्रच कढवलं जाई आणि आकडा तिघांत अंदाजाने वाटला जाई.

आणखी एक खाच अशी की सफरीच्या शेवटी उतरवलेलं तेल म्हणजे त्या सफरीचं सगळं तेल नव्हे. तीन-चार वर्षांच्या सफरीत हवाई किंवा अझोर्सहून तेल दुसऱ्या जहाजाने घरी पाठवत. डेटाबेसमध्ये असं मधेच पाठवलेलं तेल वेगळ्या रकान्यात असतं. तो रकाना बेरजेत घेतला नाही की यशस्वी सफर फसलेली दिसते.

देवमाशांची नावं आजच्या नावांशी कशी जुळवायची?

‘सल्फर बॉटम’ म्हणजे निळा देवमासा. ‘फिनबॅक’ म्हणजे फिन व्हेल, पण लांबून पाहिलेला असेल तर ते नाव सैलपणे वापरलेलं असतं. ‘ब्लॅकफिश’ म्हणजे पायलट व्हेल. ‘डेव्हिल फिश’ आणि ‘मसल डिगर’ ही कॅलिफोर्नियाच्या ग्रे व्हेलची नावं. ‘ग्रॅम्पस’ या नावाखाली निरनिराळे प्राणी येतात, म्हणून ते वेगळ्या रकान्यात ठेवा आणि प्रजाती ठरवू नका. ‘राइट व्हेल’ या नावाने सर्वांत जास्त फसवणूक होते. १८४८ साली पहिलं अमेरिकन शिकारी जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीपलीकडे गेलं, आणि तिथे मिळालेल्या बोहेडनाही अनेकांनी ‘राइट व्हेल’च लिहिलं. अशा वेळी जागा आणि तेलाचं प्रमाण पाहून ठरवावं लागतं. शंभर बॅरलच्या पुढे जाणारे बोहेड नेहमीचे होते.

हिशेबात तेलाचे ‘स्पर्म ऑइल’ आणि ‘व्हेल ऑइल’ असे दोनच रकाने असतात. दुसऱ्यात स्पर्म सोडून बाकी सगळे आले.

यावरून किती देवमासे मारले गेले हे काढता येतं का?

येतं, पण सरळ बेरजेने नाही. लॉगबुक हा धंद्याचा कागद होता. मालकाला तेलाशी मतलब होता, त्यामुळे मिळालेली शिकार ठळकपणे येते आणि वाया गेलेली ओझरती. हार्पून लागून सुटलेले, मेल्यावर बुडालेले, दोर कापून सोडून दिलेले देवमासे समुद्राच्या हिशेबात मेलेलेच होते. राइट व्हेल आणि बोहेड मेल्यावर सहसा तरंगत. हंपबॅक बरेचदा बुडत, म्हणून उथळ पाण्यात त्यांची शिकार करून ते वर येण्याची वाट पाहत. प्रत्येक प्रजातीचं, प्रत्येक क्षेत्राचं वाया जाण्याचं प्रमाण निराळं आहे. एकच गुणक सगळीकडे लावला तर उत्तर चुकतं.

म्हणून दिसले, पाठलाग केला, हार्पून लागला, सुटला, मेला पण बुडाला, मिळाला असे सहा रकाने करा. आणि सातवा रकाना सर्वांत महत्त्वाचा : काहीच दिसलं नाही असे दिवस. ‘डोलकाठीवर माणसं होती, काही दिसलं नाही’ ही कंटाळवाणी ओळच शिकारीच्या प्रयत्नाचं माप देते. एखाद्या पाण्यात महिन्याला दहा देवमासे मिळाले याला अर्थ तेव्हाच, जेव्हा तिथे किती जहाजं किती दिवस फिरत होती हे कळतं. घाईत हे दिवस गाळले जातात आणि मग सगळं काम परत करावं लागतं.

तयार डेटा उतरवून घेतला तर चालणार नाही का?

चालेल, पण तो कुठून आला ते आधी पाहा. लॉगबुकांमधल्या दैनंदिन जागांचा साडेचार लाखांहून मोठा संच उपलब्ध आहे, पण तो तीन वेगळ्या कामांतून जोडलेला आहे. पहिलं काम अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरी यांचं. १८४० आणि १८५० च्या दशकांत त्यांनी लॉगबुकांचे दैनंदिन सारांश काढवून घेतले आणि देवमाशांचे नकाशे छापले. दुसरं चार्ल्स टाउनसेंड यांचं. १९३५ साली त्यांनी १,६६५ सफरींमधल्या ५३,८७७ देवमाशांच्या जागा नकाशांवर मांडल्या. त्यात ३६,९०८ स्पर्म व्हेल, ८,४१५ राइट व्हेल, ५,११४ बोहेड, २,८८३ हंपबॅक आणि ५५७ ग्रे व्हेल होते. तिसरं काम एकविसाव्या शतकातल्या सागरी जीवांच्या जागतिक गणनेचं.

टाउनसेंड यांनी फक्त शिकार मिळालेले दिवस घेतले. रिकामे दिवस त्यात नाहीत. मॉरींच्या सारांशात रोजची जागा आहे. दोन्ही एकत्र करून घनता काढली तर टाउनसेंड यांचे समुद्र देवमाशांनी गच्च भरलेले दिसतात आणि मॉरींचे ओसाड. संच उतरवला की सर्वांत आधी स्रोताच्या रकान्यावरून तीन भाग वेगळे करा.

अक्षांश-रेखांशावर किती भरवसा ठेवायचा?

अक्षांशावर बराच, कारण दुपारच्या सूर्यावरून तो थेट मिळतो. रेखांशाचं तसं नाही. क्रॉनॉमीटर (समुद्रावरचं अचूक घड्याळ) नसलेल्या जहाजावर वेग आणि दिशा यांच्या अंदाजाने तो काढत आणि जमीन दिसेपर्यंत चूक साठत जाई. जमीन दिसल्याच्या दिवशी रेखांश एकदम काही अंशांनी बदललेला दिसला तर ती साठलेली चूक दुरुस्त केलेली आहे. मागच्या नोंदी त्या प्रमाणात सरकवता येतात, पण मूळ आकडा पुसू नका, शेजारी नवा लिहा.

फ्रेंच नोंदी पॅरिसपासून मोजतात. ग्रिनिचच्या हिशेबात आणायला २ अंश २० मिनिटं पूर्वेकडे मिळवावी लागतात. पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण लिहायचं राहून जातं, विशेषतः विषुववृत्तापाशी. यावर सोपी चाळणी आहे : सलग दोन दिवसांतलं अंतर २४० सागरी मैलांपेक्षा जास्त आलं तर नोंद परत वाचा. चोवीस तास सलग १० नॉटचा वेग या बोजड जहाजांना क्वचितच जमे.

अरबी समुद्राबद्दल या कागदांत काही आहे का?

आहे, आणि कोकणात देवमाशांवर काम करणाऱ्यांनी ते अवश्य पाहावं. अमेरिकन जहाजं सेशेल्स, झांझिबार, अरबस्तानचा किनारा आणि श्रीलंकेच्या आसपासच्या पाण्यात स्पर्म व्हेलसाठी फिरत होती. टाउनसेंड यांच्या नकाशांवर अरबी समुद्रातले हंपबॅकही दिसतात. हंपबॅक सहसा उन्हाळ्यात ध्रुवाकडे आणि हिवाळ्यात उष्ण पाण्याकडे जातो. अरबी समुद्रातले हंपबॅक मात्र वर्षभर इथेच राहतात, आणि ही संख्येने अगदी लहान, धोक्यात आलेली स्वतंत्र वस्ती आहे. त्यामुळे इथली जुनी एकेक नोंद मोलाची ठरते. लॉगबुकातला महिना नीट लावणं इथे विशेष गरजेचं आहे, कारण प्रश्नच ते कोणत्या महिन्यात कुठे होते हा आहे. शोध घेताना ‘मलबार’, ‘सिलोन’, ‘अरेबियन कोस्ट’, ‘सोकोत्रा’, ‘कुरिया मुरिया’ अशी त्या काळची नावं वापरा.

दुसरा थर विसाव्या शतकाचा. सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी १९६५-६६ मध्ये ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या वायव्य किनाऱ्याजवळ २४२ हंपबॅक मारले. तेव्हा त्यांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी होती आणि अधिकृत आकड्यांत ते नव्हतेच. सोव्हिएत संघ मोडल्यावर त्या ताफ्यांवर काम केलेल्या शास्त्रज्ञांनी जपून ठेवलेले खरे अहवाल बाहेर आले, तेव्हा हे कळलं. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने १९७९ साली हिंदी महासागर अभयारण्य जाहीर केलं, तोवर या वस्तीचं फार नुकसान झालं होतं. २०१५ साली सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याजवळ निळे देवमासे दिसल्याची नोंद झाली आणि त्याच वर्षी रेवदंड्याला एक निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. अशा आजच्या नोंदींना मागचा संदर्भ द्यायचा तर जुनी लॉगबुकं आणि सोव्हिएत अहवाल दोन्ही लागतात.

विसाव्या शतकातल्या नोंदी वेगळ्या कशा?

त्या छापील तक्त्यांच्या आहेत. १९३० पासून नॉर्वेतल्या सँडेफियोर्ड इथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात जगभरच्या शिकारीचे आकडे गोळा होत. प्रत्येक देवमाशाची प्रजाती, लिंग, लांबी, तारीख आणि जागा त्यात असे. आज हे आकडे आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाकडून मागवता येतात. बारीक पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते : किमान कायदेशीर लांबीच्या जरा वरच्या आकड्यावर देवमाशांची गर्दी आणि त्याच्या खाली शुकशुकाट. लहान देवमासे ताणून लिहिले गेले.

कोटा बरीच वर्षं ‘ब्लू व्हेल युनिट’मध्ये ठरे. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई. एखाद्या तक्त्यात अपूर्णांक दिसला तर ते युनिट आहे.

माझ्या शोधातल्या खलाशाचं नाव यादीत का नाही?

१८०३ च्या अमेरिकन कायद्याने कप्तानाला निघताना खलाशांची यादी कस्टम्सकडे द्यावी लागे. नाव, जन्मगाव, राहण्याचं ठिकाण, नागरिकत्व, वय, उंची, वर्ण आणि केस त्यात असतात. ही यादी निघतानाची आहे. अझोर्स, केप व्हर्दे किंवा पॅसिफिकच्या बेटांवर चढलेले लोक तिच्यात नसतात. वाटेत पळून गेलेले मात्र असतात. पोर्तुगीज आणि बेटांवरच्या माणसांची नावं लिहिणाऱ्याने आपल्या कानाप्रमाणे इंग्रजी करून टाकली, कधी तर जहाजाचंच नाव माणसाला दिलं. म्हणून नावावरून नाही तर वय आणि जन्मस्थळावरून शोधा. हिशेबवहीत खलाशाचा ‘ले’ म्हणजे नफ्यातला वाटा लिहिलेला असतो. कप्तानाचा दहा-पंधराव्या हिश्श्याच्या आसपास, नवख्याचा दीडशे-दोनशेवा. त्यातून कपडे, तंबाखू आणि उचल वजा झाल्यावर काही जण तीन वर्षांनी कर्जबाजारी होऊन उतरले.

लॉगबुकात अंबरचा (ॲम्बरग्रिसचा) उल्लेख येतो का?

क्वचित, पौंडांत. अंबर स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं. आजच्या कामासाठी त्याचा एकच व्यावहारिक मुद्दा आहे : भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ते बाळगणं किंवा विकणं गुन्हा आहे. किनाऱ्यावर तसं काही सापडलं तर हात न लावता वनखात्याला कळवा.

हवामानाचे अभ्यासक या वह्या का वाचतात?

दिवसातून तीनदा वारा लिहिलेला असतो, आणि तोही व्यापारी जहाजं जात नसत अशा समुद्रांतला. आर्क्टिकमधल्या लॉगबुकांत बर्फाची कड कुठे होती हे सापडतं. वाऱ्याचे शब्द बोफर्ट मापात, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या ठरावीक श्रेणीत, बदलायचे तर आधी त्या लिहिणाऱ्याचे शब्द शिडांशी ताडून पाहा. ‘स्ट्राँग ब्रीझ’ लिहिलं आणि सगळी शिडं उघडी असतील तर त्याचं ‘स्ट्राँग’ सौम्य आहे.

मूळ वही हाताळताना काय सांभाळायचं?

पेन्सिलच वापरा. हात धुऊन कोरडे करा. कागदाला कापडी हातमोजे घालू नका, त्याने पानाची कड जाणवत नाही आणि ती फाटते. वही फोमच्या आधारावर ठेवा आणि सपाट उघडण्याचा हट्ट धरू नका. लोहयुक्त शाईने अनेक ठिकाणी कागद खाल्लेला असतो, अशी पानं कर्मचाऱ्यांना उलटू द्या. काही वह्यांवर शिडाच्या कापडाचं शिवलेलं वेष्टण असतं. तेही अभिलेखाचाच भाग आहे, त्याचा फोटो घ्या.

सफर संपल्यावर घरी आलेल्या वह्यांत मुलांनी आणि गृहिणींनी वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवली, आणि खाली शिकारीच्या नोंदी झाकल्या गेल्या. अशी कात्रणं सोडवायचा प्रयत्न स्वतः करू नका. ग्रंथालयाच्या जतन विभागाला सांगा. कधीकधी पान प्रकाशासमोर धरूनच खालची शाई वाचता येते.

संदर्भ कसा द्यायचा, परवानगी लागते का?

जहाजाचं नाव, प्रकार, बंदर, कप्तान, सफरीच्या तारखा, लिहिणाऱ्याचं नाव असल्यास ते, ग्रंथालय, वहीचा क्रमांक, आणि शेवटी नोंदीची तारीख. पान क्रमांक बहुधा नसतोच. तारीख समुद्री दिवसाची आहे की तुम्ही बदलून लिहिली आहे, तेही लिहा. डेटाबेसमधला सफर-क्रमांक जोडला तर दुसऱ्याला तीच सफर क्षणात सापडते. एकोणिसाव्या शतकातल्या हस्तलिखितांचा मजकूर अमेरिकेत स्वामित्वहक्कातून मोकळा झालेला आहे. पानाचं छायाचित्र छापायचं असेल तर मात्र त्या त्या ग्रंथालयाचे नियम वाचून लेखी विचारा. डेटाबेसमध्ये चूक सापडली, उदाहरणार्थ कप्तानाचं नाव किंवा परतीची तारीख, तर पानाच्या फोटोसह संपादकांना कळवा.